निरोगी माणसांचं देणं

बाबांच्या मेंदूचं एक रंगीत चित्र आमच्या सरावलीच्या घरी लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या फायलीखाली ठेवलेलं आहे. ते निघालं त्याला कुणाकुणाचे हात लागले याचा हिशेब मी अधूनमधून मनातल्या मनात मांडत असतो. त्यातले काही शेजारचे आहेत, काही परदेशातले, काही तर चक्क ससे आहेत. आणि ज्यांचं देणं सगळ्यात मोठं, त्यांची नावं मला कधीच कळायची नाहीत.

बाबा तारापूर एमआयडीसीत हेल्पर होते, पण कारखान्याच्या नावाने त्यांना कुणी ओळखलं नाही. ते दूधवाले. घरामागे गोठा, गोठ्यात दोन, कधी तीन म्हशी. पहाटे धार काढायची, सायकलला किटल्या अडकवून बोईसरात रतीब टाकायचा, परत येऊन चहाभाकरी खायची आणि जनरल शिफ्टचा भोंगा गाठायचा. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, म्हशी सुटल्या नाहीत.

आजार त्यांच्या हाताआधी नाकात शिरला होता. दूध नासायला लागलं की आमच्या घरात सगळ्यांत आधी बाबांना कळायचं, झाकण उघडायच्याही आधी. साठीनंतर कधीतरी ते आईपुढे किटली धरून विचारायला लागले, "बघ गं, वास येतोय का?" आई म्हणायची, तंबाखूने नाक गेलं. कंपवातात वास जाणं हे हात कापायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी घडू शकतं, हे आता कुठलाही मेंदूतज्ज्ञ सांगेल. पण सरावलीत नाक गेलं म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही.

दुसरा पुरावा रतीबाच्या वहीत होता. ही वही मी नंतर एकदा सगळी चाळली. आधीच्या वर्षांतले आकडे चौकटीला टेकतील एवढे ठसठशीत. मग ते आक्रसत जातात. त्यातही गंमत अशी, की एकाच दिवसाच्या नोंदीत पहिल्या गिऱ्हाइकाचा आकडा बरा असतो आणि शेवटच्याकडे सरकता सरकता मुंगीएवढा होतो. हिशेब मात्र शेवटपर्यंत बरोबर. एका गिऱ्हाईकाचं अर्ध्या लिटरचं बिल राहिलेलं, तेही नोंदलेलं.

आणि मग धार. म्हशीची धार काढताना नुसती मूठ आवळून भागत नाही. अंगठा आणि पहिलं बोट सडाच्या मुळाशी आधी आवळायचं, दूध वर परतायची वाट बंद करायची, मग एकेक बोट खाली मिटत आणायचं. हा क्रम हाताला इतका सवयीचा झालेला असतो की त्याचा विचार करावा लागत नाही. बाबांच्या उजव्या हाताला तो विचार करावा लागायला लागला. बादलीतल्या आवाजावरून आईच्या ध्यानात आलं, डाव्या हाताची धार सर्र पडतेय, उजव्याची तुटक. म्हैस पाय झाडायला लागली. तिचा दोष नव्हता.

पुढे हात कापायला लागला तेव्हा दवाखाने सुरू झाले. मुंबईच्या मेंदूतज्ज्ञांनी बाबांना खोलीत चालवून पाहिलं, बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, आणि मग आम्ही नेलेली औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात चक्करेची एक गोळी निघाली. सिनारिझिन. बाबा ती कित्येक वर्षं घेत होते; चक्कर केव्हाच थांबली होती, गोळी चालू राहिली होती. डॉक्टर म्हणाले, या जातीच्या गोळ्या मेंदूत डोपामिनचं काम अडवतात आणि म्हाताऱ्या माणसात हुबेहूब कंपवातासारखं चित्र उभं करतात. गोळी बंद केली की बहुतेकांचं काही महिन्यांत निवळतं. गोळी बंद झाली. बाबांचं निवळलं नाही. एमआरआय काढला, तो वयाप्रमाणे ठीक आला. आता प्रश्न असा होता, की हा गोळीचाच रेंगाळलेला परिणाम आहे, की खरा कंपवात?

इथे काका आले. काका आमचे शेजारी. वाशीला ब्रिटमध्ये होते. ब्रिट म्हणजे अणुऊर्जा खात्याचं विकिरण आणि समस्थानिकांचं मंडळ, दवाखान्यांना किरणोत्सारी औषधं पुरवणारं. निवृत्त होऊन त्यांनी सासुरवाडीजवळ म्हणून सरावलीत घर बांधलं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि बाबांशी पेंडीच्या भावावर बोलायचे.

मी औषधाच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे. माझी सगळी नोकरी एका गोष्टीवर चालते : सॅम्पल आणा, एचपीएलसी यंत्रावर लावा, पीक बघा, सांगा किती आहे. मी काकांना म्हटलं, "डॉक्टर म्हणतात मेंदूतलं डोपामिन कमी झालंय की नाही ते बघायचं. पण डोक्यातून सॅम्पल कसं काढणार?"

"काढायचं नाही," काका म्हणाले. "आत काहीतरी पाठवायचं आणि ते कुठे जाऊन चिकटतं ते बाहेरून मोजायचं."

मग त्यांनी चार-पाच संध्याकाळी घालवून मला ते समजावलं. इतक्या निवांतपणे मला कुणी काही शिकवल्याचं कॉलेजनंतर आठवत नाही. मेंदूच्या तळाशी काळपट रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथून निघालेले धागे वरच्या भागात जातात आणि त्यांच्या टोकांशी डोपामिन सोडतात. हालचालीचा ओघ त्यावर चालतो. काम झालेलं डोपामिन परत आत ओढून घेणारं एक प्रथिन याच टोकांवर बसलेलं असतं. कंपवातात पेशी मरतात, टोकं जातात, टोकांबरोबर ते प्रथिनही जातं. गोळीमुळे झालेल्या कंपात मात्र टोकं शाबूत असतात, फक्त डोपामिन जिथे पोचायचं तिथली दारं गोळीने बंद केलेली असतात. म्हणजे त्या प्रथिनाला चिकटणारं काहीतरी शिरेतून सोडलं आणि त्याला किरणांचा दिवा लावला, की टोकं आहेत की गेली ते दिसणार.

ते चिकटणारं काहीतरी म्हणजे ट्रोडॅट. कोकेनच्या घराण्यातला रेणू, असं काका डोळे मिचकावत म्हणाले. कोकेनही मेंदूत त्याच प्रथिनाला जाऊन बसतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हँक कुंग यांच्या गटाने त्याला टेक्नेशियम जोडून दाखवलं आणि १९९६मध्ये माणसाच्या मेंदूत ते पहिल्यांदा पाहिलं. टेक्नेशियम हा धातू. धातू पोटात घेऊन रेणू मेंदूच्या कुंपणातून आत जाईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. जातो तोही सोडलेल्या मात्रेतला एक टक्कासुद्धा नाही. तेवढ्यावर सगळा कारभार.

आईला वेगळीच शंका. "ते आपल्या तारापूरचंच असेल ना?" आमच्या भागात किरणांचं काहीही निघालं की लोक चिमण्यांकडे बोट दाखवतात. काकांनी सांगितलं, तारापूरची अणुभट्टी १९६९पासून वीज करते, औषध करत नाही. औषधाचा कच्चा माल म्हणजे मॉलिब्डेनम, तो कधी ट्रॉम्बेच्या भट्टीतला असतो, कधी विमानाने बाहेरून येतो. शिशाच्या जाड डब्यात एका छोट्या नळकांडीत तो बसवलेला असतो. दर ६६ तासांनी निम्मा होतो आणि होता होता त्याचं टेक्नेशियम बनतं. सकाळी वरून मिठाचं पाणी सोडलं की टेक्नेशियम तेवढं विरघळून खाली येतं, मॉलिब्डेनम जागेवर राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जगभर या डब्याला गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणं.

बाबा इतका वेळ गप्प बसले होते. आजाराने चेहरा असा झाला होता की ऐकतायत की नाही कळायचं नाही. ते म्हणाले, "किती दिवस देते?"

"आठवडाभर. रोज थोडं थोडं कमी."

"मग भाकड?"

"मग भाकड. परत पाठवायची, नवी आणायची."

"आणि काढलेलं किती टिकतं?"

"सहा तासांत निम्मं."

बाबांनी मान हलवली. त्यांना तो धंदा पटलेला दिसला नाही. पण मुंबईला यायला ते त्या संध्याकाळी तयार झाले, त्याआधी महिनाभर नाही म्हणत होते.

याहून सरस तपासणी आहे, ती डोपामिनच्या कच्च्या मालालाच फ्लोरिन लावून करतात. कॅनडात हॅमिल्टनला गार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३मध्ये तसं करून जिवंत माणसाच्या मेंदूतलं डोपामिन पहिल्यांदा चित्रात आणलं. पण त्या फ्लोरिनचं आयुष्य ११० मिनिटांत निम्मं होतं आणि तो बनवायला सायक्लोट्रॉन लागतं. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईतच आलं, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, २००२ साली. परळहून निघालेला माल विरार गाठून डहाणू लोकलने बोईसरला येईपर्यंत अर्ध्याहून जास्त हवेत जायचा. गायीचं दूध गावोगाव पोचू शकतं, म्हणून साध्या माणसाच्या नशिबी ट्रोडॅट.

तपासणीच्या दिवशी सकाळी सुई दिली आणि चार तास थांबायला सांगितलं. रेणू आत जाऊन, नको तिथून सुटून, हव्या तिथे टिकायला एवढा वेळ लागतो. बाबा बाकावर बसून राहिले. दुपारी आत घेतलं तेव्हा खरी अडचण पुढे आली. यंत्राची दोन तबकं डोक्याभोवती अगदी जवळून, हळूहळू फिरतात. अर्धा-पाऊण तास डोकं हलता कामा नये. बाबांचं डोकं कापत नव्हतं, पण हात कापायचा आणि घाबरल्यावर तर असा कापायचा की सगळं टेबल हलायचं.

तिथल्या तंत्रज्ञ ताई वसईच्या असाव्यात, बोलण्यावरून मला तसं वाटलं. त्यांनी एकदाही "हलू नका" म्हटलं नाही. चादरीची गुंडाळी करून त्यांनी कोपराखाली दिली, कपाळावरचा पट्टा सैल करून पुन्हा बांधला, विचारलं, "बाबा, पहाटे किती वाजता उठता?" बाबा म्हणाले, साडेतीन. "मग दुपारी झोप येत असेल." बाबा म्हणाले, येते. "येऊ द्या. आपण थांबू." त्यांनी दिवा कमी केला, मला दाराबाहेर उभं केलं आणि काचेमागे बसून राहिल्या. झोपेत हा कंप थांबतो. मी बाहेरून बघत होतो. आधी उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासत होता, मग त्याचा वेग मंदावला, मग हात चादरीवर नुसता पडून राहिला. तेव्हा त्यांनी यंत्र सुरू केलं. त्यांची जेवणाची सुट्टी त्यात गेली, हे मला मागाहून डबा तसाच बंद दिसला म्हणून कळलं. यादीत काकांनंतर मी त्यांना धरतो.

चित्र आलं. मेंदूचा तो भाग निरोगी माणसात दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखा दिसतो, डोकं पुढे, शेपूट मागे. बाबांच्या उजवीकडच्याची शेपूट फिकी झाली होती. डावीकडे शेपूट नव्हतीच, नुसता ठिपका. उजव्या हाताचा कारभार डावा मेंदू बघतो, त्यामुळे वही आणि बादली जे सांगत होत्या तेच इथे रंगात आलं होतं. गोळीचा दोष नव्हता. खरा कंपवात होता.

बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "किती राहिलंय?" प्रश्न बरोबर होता. पण चित्रातून आकडा निघतो तो गुणोत्तराचा, या भागात किती चमक आणि जिथे हे प्रथिन नसतं त्या मागच्या भागात किती. तो किटलीतल्या दुधासारखा मापून सांगता येत नाही. शिवाय कंपवातासारखेच दोन-तीन आणखी आजार आहेत, त्यांतही ही टोकं जातात, ते या चित्राने वेगळे ओळखता येत नाहीत. ते गोळीला शरीर कसा प्रतिसाद देतं त्यावरून आणि काळ गेल्यावर कळतं. डॉक्टरांनी हे सगळं सरळ सांगितलं, हे मला आवडलं. चित्र बघून आजार सांगणारे फार झालेत. त्यांनी बाबांना बघून आजार ओळखला होता, चित्राने फक्त एक शंका मिटवली.

मला मात्र घरी आल्यावर झोप येईना. क्यूसीतल्या माणसाला एक रोग असतो. कुणी "कमी" म्हटलं की तो विचारतो, कशापेक्षा? माझ्या लॅबमध्ये संदर्भाचा शुद्ध नमुना लावल्याशिवाय कुठल्याही पीकला अर्थ नसतो. त्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो, ते फ्रीजमध्ये कुलपात ठेवतो आणि मिलिग्रॅममध्ये वापरतो. मग बाबांच्या मेंदूचं स्टँडर्ड कुठलं? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "माणसं."

निरोगी माणसं. ज्यांचे हात कापत नव्हते, ज्यांना वास येत होता, ज्यांना या तपासणीची काही गरज नव्हती. कुणीतरी त्यांना विचारलं आणि ती बाही वर करून टेबलावर झोपली, पट्टा बांधून घेतला, पाऊण तास हलली नाहीत. त्यांना त्यातून काहीच मिळायचं नव्हतं. त्यांच्या मेंदूत स्वल्पविराम दिसला म्हणून बाबांच्या मेंदूतला ठिपका ठिपका ठरला. आणि तरुण माणसं घेऊन भागत नाही. हे प्रथिन वयाप्रमाणेही घटतं, दर दहा वर्षांत साधारण पाच-सहा टक्के. म्हणजे पासष्ट-सत्तरच्या बाबांसाठी पासष्ट-सत्तरचंच कुणीतरी लागलं. कुठल्यातरी गावचा, धडधाकट म्हातारा. त्याचं वय कागदावर उरलं, नाव गेलं.

मागे जावं तितकी अशी माणसं भेटत राहतात. व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविच आणि त्यांचे सहकारी एहरिंगर यांनी १९६०मध्ये कंपवाताने गेलेल्यांचे मेंदू तपासले. रसायन घातल्यावर डोपामिन असेल तर गुलाबी रंग यायचा. नेहमीच्या नमुन्यांत तो आला, कंपवातवाल्यांच्यात जवळजवळ नाहीच. नुसत्या डोळ्यांना फरक दिसला, यंत्र नंतर. मी हे वाचलं तेव्हा टायट्रेशनच्या बाकावर उभं असल्यासारखं वाटलं. पण तिथेही गुलाबी रंग देणारे नमुने दुसऱ्याच कशाने गेलेल्या लोकांचे होते. त्यांच्या घरच्यांच्या कानावर कंपवात हा शब्दही नसेल.

आणि त्याआधी ससे. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी १९५७मध्ये सशांना रिसर्पिन दिलं, त्यांच्या मेंदूतला साठा रिकामा केला. ससे कान पाडून दगडासारखे बसले. मग त्यांना डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचलं आणि काही मिनिटांत ते उठून हिंडायला लागले. पुढे २०००मध्ये कार्लसनना नोबेल मिळालं. हे रिसर्पिन आपल्या सर्पगंधेचं. सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे जगाला पटवून दिलं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी, १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहून. त्यानंतर तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये सीबाने तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं, आणि तिथून ते सशांपर्यंत गेलं. वकिलांच्या मनात रक्तदाब होता, कंपवात नव्हता. त्यांचे ते मुंबईचे रोगी, ज्यांनी मुळीच्या गोळ्या घेऊन रक्तदाब मोजू दिला, तेही आमच्या यादीत येतात. यादी अशी वाढत जाते.

डोपा म्हटल्यावर बाबांना खाजकुइलीची गोष्ट सांगावीच लागली. पावसाळ्यानंतर आमच्याकडे कुंपणावर, डोंगराच्या कडेला तिच्या लवदार शेंगा लागतात आणि शाळेतली पोरं त्या एकमेकांच्या शर्टात टाकतात. तिच्या बियांत हेच डोपा असतं. मद्रासमध्ये १९३७मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते काढून दाखवलं, आणि १९७८मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांनी कंपवाताच्या रोग्यांना तिचं चूर्ण देऊन पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. हे ऐकल्यावर बाबा दुसऱ्याच दिवशी काठी घेऊन कुंपणाकडे निघाले. त्यांना अडवायला घरातली सगळी माणसं लागली. किती बियांत किती डोपा हे मोजल्याशिवाय काही खायचं नाही, एवढं तरी माझ्या नोकरीने मला शिकवलंय.

डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. महिनाभरात बाबा चालताना उजवा हात पुन्हा हलवायला लागले. चेहऱ्यावर हसू दिसायला लागलं, ते आधी आतच राहायचं. वास परत आला नाही. धारही पूर्वीसारखी नाही. आता पाड्यावरची एक बाई येते, ती काढते, बाबा पाटावर बसून तिला तिसरं बोट जरा आधी मिट म्हणून सांगतात आणि ती त्यांचं ऐकत नाही. वही ती लिहीत नाही, माझी बायको लिहिते.

पुढच्या वेळी मुंबईला गेलो तेव्हा मी मुद्दाम त्या ताईंना भेटायला गेलो. चिकूची टोपली नेली होती, घोलवडची. म्हटलं, निरोगी माणसं लागतात ना तुम्हाला, मला घ्या. त्या म्हणाल्या, गरज नसताना कुणाला किरण द्यायचे नाहीत असा नियम आहे. संशोधन असेल, त्याची रीतसर मंजुरी असेल, तरच. आणि तुमचं तेव्हाही नाही जमणार. घरात रक्ताच्या नात्यात कंपवात असला की त्या माणसाला निरोगी म्हणून धरत नाहीत. तुम्ही बाबांचा मुलगा.

बायको बरोबर होती. तिचं माहेर सफाळ्याचं, आमच्या रक्ताशी तिचा संबंध नाही. ती म्हणाली, "मग माझं चालेल की."

ताई हसल्या. वय विचारलं, इतर आजार विचारले, औषधं कुठली चालू आहेत ते विचारलं. चक्करेची गोळी नाही ना, हेही. मग एका वहीत नंबर लिहून घेतला. कधी तसं काही निघालं तर कळवू म्हणाल्या, निघेलच असं नाही. तेव्हापासून अनोळखी नंबरवरून फोन आला की बायको हातातलं पीठ तसंच ठेवून धावत जाऊन उचलते. बहुतेक वेळा पलीकडून कुणीतरी विचारत असतं, मॅडम, कर्ज हवंय का?